चाकावरची जाळी

"सर, ती जाळी नका काढू," जयमाला म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

रणजीतने शेवटचा स्क्रू खिशात टाकला. "ताई, जाळीआडून पोरींना काय दिसणार? हात लावता आला तर गोडी लागेल. मुलींची शाळा येईलच आता."

कुरुळीच्या ग्रामपंचायतीने जुन्या गोदामात मुलांसाठी विज्ञानघर काढलं होतं. आज पहिला दिवस. कंपनीत इंजिनिअर असलेल्या रणजीतने सुट्टीच्या दिवशी खपून सगळी यंत्रं उभी केली होती. मधोमध तीन लोखंडी दातेरी चाकं. मोठ्याचा दांडा फिरवला की उरलेली दोन गरगर फिरत. झाडलोटीला आणि राखणीला जयमाला. त्या चाकांवरून ती फडकाही घाबरत फिरवायची.

सहा वर्षांपूर्वी ती एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होती. माल भराभर निघावा म्हणून तिथल्या मुकादमाने अशीच जाळी काढून ठेवली. तेव्हाही ती एकदाच बोलली आणि गप्प बसली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. इथं तो हात सगळ्यांनी पाहिला होता, विचारलं कुणीच नव्हतं. नोकरीला महिना झाला होता. आपण जास्त बोललो आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले, तर?

मुली आत घुसल्या. एकीने दांडा धरून फिरवला. सातवीतली हर्षाली वाकली आणि दोन चाकं जिथं जुळत होती, नेमकं तिथंच बोट नेऊ लागली.

"ए!" जयमालाने ओरडून तिला दंडाला धरून मागे ओढलं. पोरगी आपटली, रडू लागली.

"अहो बाई, मारता काय?" शिक्षिका धावल्या.

"ताई, तुम्ही बाहेर थांबा," रणजीत म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

दार चार पावलांवर होतं. पण जयमाला भिंतीवरच्या फळ्याकडे गेली आणि खडू उचलला.

"फिरवा सर. सावकाश."

रणजीतने खडूकडे पाहिलं आणि दांडा फिरवला. उरलेल्या बोटांत धरलेला खडू तिने चाकांमध्ये सोडला. कट्‌ आवाज झाला. खाली पांढरी भुकटी सांडली.

"माझी बोटं अशीच गेली," ती म्हणाली. "चाकाला काय कळतंय, खडू हाय का बोट?"

हर्षालीने नाक पुसलं. "मग हात कुठं लावायचा, काकू?"

"दांड्याला. दात एकमेकांत शिरत्यात, तिथं कधीच न्हाई."

रणजीतने खिशातले स्क्रू काढून जाळी पुन्हा बसवली.

मग मुलींनी जाळीतून बघत मोजलं, मोठं चाक एकदा फिरलं की सगळ्यांत लहान तीनदा फिरतं. त्या हसत होत्या. दांडा फिरला की जयमाला मात्र प्रत्येकीच्या हातांकडे बघत होती.

निघायच्या वेळी ती दारात उभी राहिली. एकेकीला थांबवून म्हणत होती, "हात बघू." शेवटच्या मुलीची दहाही बोटं बघून झाल्यावरच ती पायरीवर बसली.