पुनवेचे ठिपके

“वाल्मिक, माझी खुर्ची अंगणात टाक. आज चांद नीट बघू दे,” आई म्हणाली आणि चहाची किटली माझ्या हातात तशीच राहिली.

संगमनेरला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा आज सकाळीच उतरला होता. तेव्हापासून ती घरभर फिरून आमची अब्रू काढत होती. “दिपाली, माळ्यावर केवढी जाळी गं! वाल्मिक, दाढी कर, पाव्हनं पळून जातील.” माझी बायको दिपाली हसत होती. मला हसू येत नव्हतं, कारण संध्याकाळ व्हायची होती.

दोन वर्षांपूर्वी घाटात माझी जीप उलटली. डॉक्टर उजवा पाय काढायचं म्हणत होते. पाय वाचला तर एकवीस पौर्णिमा चंद्र बघूनच तोंडात घास घालीन, असं आई देवाला बोलली. पाय वाचला. तेव्हापासून ती दर पौर्णिमेला दिवसभर उपाशी राहायची आणि जेवण झालं की दाराआडच्या भिंतीवर गेरूचा एक ठिपका द्यायची. वीस ठिपके झाले होते, आज एकविसावा. उद्या उद्यापनाला पाच सवाष्णी जेवायला यायच्या होत्या. दिपालीनं पुरणाची डाळसुद्धा निवडून ठेवली होती.

आमच्या गावात चंद्र उशिरा दिसतो. कॅलेंडरात काहीही वेळ लिहिलेली असो, पूर्वेचा डोंगर चढून यायला त्याला पाऊण तास लागतो. आणि तोच पाऊण तास माझ्या धंद्याचा. धरणाकाठी माझे आठ तंबू आहेत. पुण्या-नाशिकची माणसं मूनराइज बघायला येतात आणि त्यांना त्याच वेळी चहा-भजी लागतात.

गेल्या आषाढात ढगांमुळे चंद्र दिसेना आणि आई जेवेना. बीपीची गोळी राहिलेली, तिला नीट बसवतही नव्हतं. तिला तेव्हा सगळंच धुरकट दिसायचं. डोंगरावर टॉवरचा नवा पांढरा दिवा लागला होता. मी म्हणालो, “आये, त्यो बघ, ढग फाटलं.” तिनं हात जोडले. खरं सांगतो, त्या दिवशी मला काही वाटलं नाही. तिच्या पोटात दोन घास गेले होते.

पण पुढे आभाळ मोकळं झालं तरी मी तोच दिवा दाखवत राहिलो. कोजागरीलासुद्धा. चंद्र वर येईपर्यंत तिच्याजवळ बसायला मला सवड नव्हती. पाहुण्यांना पैसे घेऊन खरा चंद्र आणि आईला टॉवरचा दिवा. आज लिहितानाही मला स्वतःची शरम वाटते.

सूर्य धरणापलीकडे गेला. डोंगरावर दिवा लागला. आई खुर्चीत पुढे सरकली.

“त्यो काय रे?”

“टॉवरचा दिवा हाय.”

“कवा बसवला?”

“झालं की... लई दिस झालं.”

थोड्या वेळानं दिव्याच्या डाव्या बाजूला डोंगराची कड उजळली आणि तांबूस, भलामोठा चंद्र हळूहळू वर आला. तंबूंकडून आरडाओरडा झाला, मोबाईल वर झाले. आईनं एकदा चंद्राकडे बघितलं, एकदा दिव्याकडे.

“येवढा मोठा असतो व्हय. मी इसरलेच हुते,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “किती पुनवा, वाल्मिक?”

सात. आकडा माझ्या जिभेवर होता. दिपाली थाळी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिला सगळं माहीत होतं, मीच तिला गप्प केलं होतं.

“एकदाच, आये. त्या आषाढात. तुला लई गळाटा आल्ता म्हनून.”

आई माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी वर्षांनी तिला माझं तोंड इतकं स्वच्छ दिसत होतं. मी मान खाली घातली.

ती उठली. चंद्राला हात जोडून आत गेली. तांब्यात पदर बुडवून तिनं दाराआडच्या भिंतीवरचा एक ठिपका पुसला. सुटलो, असं मला वाटलं. मग तिनं दुसरा पुसला. मग तिसरा.

“आये, थांब! तेरा तर खरं हुतं!” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचा हात थांबला नाही. “नेम अखंड लागतो,” ती म्हणाली. “दिपाली, उद्याच्या बायांना नगं म्हनून सांग.”

वीसच्या वीस ठिपके पुसून ती जेवायला बसली. सावकाश जेवली. त्र्याहत्तर वर्षांची माझी आई हात धुऊन पुन्हा भिंतीपाशी गेली.

“गेरू दे,” ती म्हणाली.

ओल्या भिंतीवर तिनं पहिला ठिपका दिला. बाहेर पाहुणे चहासाठी मला हाका मारत होते. मी त्या उजव्या पायावर भार देऊन तिथेच उभा होतो.