नानांचा उपास

"मम्मा, आज तू तोंड उघडायचं नाहीस. शप्पथ घे."

केझियाने सकाळी सकाळी मला गळ्यातल्या क्रॉसवर हात ठेवून शप्पथ घ्यायला लावली. माझ्या पोरीला माझं तोंड ठाऊक आहे. अख्ख्या भोईवाड्याला ठाऊक आहे म्हणा ना! पण पोरीचा चेहरा असा केविलवाणा झाला होता की घेतली बाबा शप्पथ.

त्याचं असं आहे की केझिया बँकेतली चांगली नोकरी सोडून इंटरनेटवर एक कार्यक्रम करते. कुणी नामांकित माणूस आमच्या घरी जेवायला येतो, जेवता जेवता गप्पा मारतो, आणि समोर स्टँडवर लावलेले दोन मोबाईल ते सगळं टिपतात. आतापर्यंतचे नामांकित म्हणजे एक तबलजी, एक दातांचा डॉक्टर आणि एक माजी नगरसेवक, जो जेवला कमी आणि बोललाच जास्त. बघणारे कोण? मी, आणि शेजारची कमळाबाई. पण आता एका मोठ्या चॅनेलने तिला शब्द दिला होता. वीरेंद्र धैर्यवानची मुलाखत नीट करून दाखव, तुझा कार्यक्रम आम्ही घेतो. पोरीचं सगळं त्या एका जेवणावर येऊन अडकलं होतं.

वीरेंद्र धैर्यवान म्हणजे मालिकेतले नाना. पांढरे केस, डोक्यावर टोपी, कधी खोटं बोलायचं नाही, रोज रात्री एका तरी सुनेला माफ करायचं. माणूस मूळचा गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातला, वय असेल अडतीसच्या आसपास, केस रंगवून पांढरे केलेले. आता त्याने मसाल्याचा धंदा काढला होता. 'नानांचा मसाला, माझ्या आजीच्या हातचा.' तो विकायचा म्हणून तो घरोघरी मुलाखती देत फिरत होता.

त्याची पाकिटं आदल्या दिवशीच घरी आली. त्यांच्या मसाल्यात कोलंबी करायची, असं त्यांचंच फर्मान. मी केली. चमचाभर तोंडात टाकली आणि, देवा रे देवा! रे रोडच्या लाकडाच्या वखारीतला भुसा परवडला. भुशाला निदान वास तरी असतो! घरी आलेल्या माणसाला हे वाढायचं? मला काही राहवेना. मी काळ्या मातीच्या हंडीत दुसरी कोलंबी टाकली, आमच्या बाटलीतल्या मसाल्याची. दर मे महिन्यात माझ्या आईच्या मापाने मिरच्या-धणे भाजते, लालबागला जाऊन कुटून आणते आणि बाटल्यांत ठासून भरते, तो मसाला.

"ती हंडी आतच राहू दे हां, मम्मा," केझिया म्हणाली. "टेबलावर त्यांचाच टोप."

मी मान हलवली. शप्पथ होती ना.

दुपारच्या जेवणाला येणार होते, आले चहाच्या वेळेला. सोबत त्यांची मॅनेजर, प्रिती. तिने दारातच केझियाला बजावलं, "नानांबद्दल एकही प्रश्न नको. सर आता उद्योजक आहेत." मी टेबलावरच्या पाकिटाकडे बघितलं. पाकिटावर टोपी घातलेले नाना हात जोडून उभे.

कमळाबाई नवी साडी नेसून केव्हाची येऊन बसली होती. ती धावत गेली आणि त्याच्या पायाच पडली. तिचा मुलगा त्याच्याहून मोठा आहे. त्यानेही खुशाल आशीर्वाद दिला, वर मला म्हणाला, "तो फोटो जरा हलवता येईल? माझ्या डोक्यावर येतोय." तो फोटो येशूचा होता. मी काढला. मनातल्या मनात येशूची माफी मागितली, आणि जे काही मनात आलं त्याचीही मागितली.

मुलाखत सुरू झाली.

"सर, मसाल्याची कल्पना कशी सुचली?"

"हा प्रश्न मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. तुम्ही काही अभ्यास वगैरे करता की नाही?"

केझिया कसनुसं हसली. "यात मिरच्या कुठल्या वापरता?"

"लाल."

"म्हणजे बेडगी, काश्मिरी..."

"तुम्ही माझी मुलाखत घेताय की उलटतपासणी?" त्याने प्रितीकडे बघितलं. प्रितीने घड्याळाकडे बघितलं. मग तोच म्हणाला, "मालिका बघता का तुम्ही?"

"हो सर, रोज."

"मग त्याबद्दल एक प्रश्न नाही? कमाल आहे! अहो, लोक मला बघायला येतात, मिरच्यांना नाही."

पोरीचे कान लालबुंद झाले. माझी जीभ नुसती वळवळत होती. मी उठले आणि टोप घेऊन आले, म्हटलं खाईल तेवढा वेळ तरी गप्प बसेल. टोपावरचं झाकण काढलं मात्र, हा माणूस एकदम मागे सरकला.

"अरे हो, सांगायचं राहिलंच. आज माझा उपास आहे. संकष्टी."

ख्रिश्चनांच्या घरात कोणाला कळतंय, असा त्याचा हिशेब असणार. अरे बाबा, कमळाबाईच्या दर संकष्टीचे मोदक माझ्याच घरी येतात! परवाच तर खाल्ले. माझे ओठ उघडलेच होते, तेवढ्यात केझियाने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटून घेतले.

पण कमळाबाईने कुठे शप्पथ घेतली होती? ती बिचारी घाबरून म्हणाली, "अगं बाई! आज संकष्टी? मग परवा मी कुणाचा चंद्र बघून जेवले?"

"माझी वेगळी असते," नाना म्हणाले.

"असेल, असेल." कमळाबाईने लगेच हात जोडले. "केवढे उपास करता हो नाना! त्या दुसऱ्या मुलाखतीत पण तुमचा मंगळवार होता. अन् त्या आधीच्या बाईंनी मासे वाढले तेव्हा गुरुवार."

प्रितीला एकदम खोकला आला.

मी काय केलं, दोन रताळी उकडली आणि बशीत घालून त्याच्यापुढे ठेवली. उपासाच्या माणसाचा मान राखायला नको? एक शब्द बोलले नाही हां मी. मग आत जाऊन हंडी जरा गरम करायला ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार उघडंच राहू दिलं. ते मात्र मी मुद्दाम केलं.

रताळं अर्धं संपलं असेल नसेल, नानांचं बोलण्यातलं लक्ष उडालं. नाक वर. "वास कसला हा?" म्हणत उठला तो थेट आत, आमच्या ओट्यापाशी. झाकण उघडून डावानेच खायला लागला. मग बशी घेतली, मग पाव घेतला, मग पुन्हा बशी भरली.

"नाना, संकष्टीला कोलंबी?" कमळाबाईचा जीव कासावीस झाला. "अजून चंद्र तरी..."

"मनात उगवला की झालं. मी कर्मकांड मानत नाही." बशी घेऊन तो पुन्हा मोबाईलसमोर येऊन बसला. डोळे चक्क भरून आले होते, आणि ते अश्रू खरे होते, तेवढं मी म्हणेन. "हीच! हीच माझ्या आजीच्या हातची चव. बघा मंडळी, हा नानांचा मसाला."

केझियाचा चेहरा पांढरा पडला. पण तिने हातातल्या प्रश्नांच्या कागदात डोकं घातलं. चॅनेलने शब्द दिला होता ना. मला वाटलं, जाऊ दे. माझी कोलंबी त्याच्या नावावर खपली तर खपू दे, पोरीचं तरी भलं होईल.

"छान झालीय का सर? मम्माने केलीय," ती एवढंच म्हणाली.

"मम्माचं काय त्यात?" बोटं चाटत तो म्हणाला. "करणारीला स्वयंपाक येत नसला तरी चालतं, हेच तर मला सांगायचंय. ह्यांच्यासारख्या बायकांनी दगड शिजवला तरी माझ्या मसाल्यात तो असाच लागेल."

मी पदर तोंडात कोंबला. शप्पथ म्हणजे शप्पथ.

केझियाने हातातला कागद खाली ठेवला. अगदी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही खाल्लंत ते मम्माच्या मसाल्याचं. तुमच्या मसाल्याची कोलंबी ह्या टोपात आहे. अजून कोणी हात लावलेला नाही."

कमळाबाईचा आपला भोळा भाव. तिने टोपातलं वाटीभर काढलं, त्याच्या तोंडापुढे धरलं आणि म्हणाली, "घ्या नाना. आजीच्या हातचं."

वीरेंद्र धैर्यवानने वाटीकडे बघितलं. मोबाईलकडे बघितलं. हनुवटीवर माझा रस्सा ओघळत होता, तो त्याने रुमालाने टिपला.

"आज माझा उपास आहे," तो म्हणाला आणि उठला.

मग काय तमाशा! फसवणूक केलीत, बघून घेईन, चॅनेलवाले माझे मित्र आहेत, तुझा कार्यक्रम आता विसर. जिन्यावरून खाली उतरेपर्यंत त्याचा आवाज येत होता. केझिया तिथेच खुर्चीवर बसली आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. बोलायला आता कसलीच हरकत नव्हती, पण मला शब्दच सुचेनात. माझ्या हातच्या जेवणासाठी पोरीने एवढं मोठं ताट लाथाडलं, ह्याचं मला वाईटही वाटत होतं आणि छाती फुगूनही आली होती. शेवटी तीच डोळे पुसून म्हणाली, "मम्मा, भूक लागलीय. वाढ."

आम्ही तिघी हंडी मधोमध घेऊन जेवायला बसलो, तोच चॅनेलच्या साहेबांचा फोन आला. केझियाने स्पीकर लावला. नानांनी त्यांनाच फोन करून शिव्या घातल्या होत्या म्हणे. आणि साहेब? साहेबांच्या आवाजात नुसत्या उकळ्या फुटत होत्या!

"केझिया, भन्नाट! कार्यक्रम घेतला आपण. फक्त ते जेवणबिवण काढून टाकू. दर आठवड्याला एक स्टार बोलवायचा आणि असाच पेटवायचा. तुझ्या मम्मीला पण ठेवू, तिचा अपमान फार छान दिसेल. उद्या ऑफिसला ये, दादरला मस्त जेवू आणि सगळं पक्कं करू."

कमळाबाईचा घास हातातच राहिला. मी केझियाकडे बघत होते. दोन वर्षं पोरगी ह्या फोनची वाट बघत होती. तिने तोंडातली कोलंबी नीट चावून गिळली.

"सॉरी सर," ती म्हणाली. "उद्या माझा उपास आहे."

फोन ठेवला, आणि पावाच्या तुकड्याने हंडी पुसून घेतली.