एका चुकीसह स्वीकारले

माझ्या अंगाला चीजचा वास येतो, म्हणून नाक मुरडू नका. मित्रांनो, मी विस्कॉन्सिनमधल्या एका चीज कारखान्याच्या कचेरीतला जुना संगणक आहे. जन्मलो कुठल्या परदेशी कारखान्यात, ते मला धड आठवतही नाही. पण इथे खोक्यातून बाहेर काढले, त्याच सकाळी गरम दुधाच्या हौदांची वाफ दारातून आली आणि माझी काच धुरकट झाली. मार्लिसने ती स्वेटरच्या बाहीने पुसली. तेव्हापासून मी तिचा झालो.

मार्लिस कचेरीचे सगळे काम बघायची. त्यातले एक काम दर वसंतात यायचे आणि तिची झोप उडवायचे. कारखान्यातल्या कोणाला, त्याच्या घरच्यांना, पोराबाळांना वर्षातल्या कोणत्या महिन्यांत आरोग्य विमा होता, हे करखात्याला कळवावे लागे. पूर्वी कागदांचे गठ्ठे टपालाने जात. पुढे ते सारे माझ्यातूनच जाऊ लागले. खाते माहिती तपासून उत्तर पाठवी: स्वीकारले, नाकारले किंवा चुकांसह स्वीकारले. 'स्वीकारले' हा शब्द आला की मार्लिस हौदांच्या दालनात जाई आणि तिथली पितळी घंटा वाजवी. एरवी ती घंटा हौदातल्या दुधाचे घट्ट झालेले दही कापायची वेळ झाली की वाजे. वर्षातून एकदाच ती मार्लिसच्या हाताने वाजे आणि सगळे जण हातातले काम सोडून ताजे, दाताखाली कुचकुच वाजणारे चीज खात. त्या दिवशी माझेही कौतुक होई. कोणी जाता जाता डोक्यावर थापटे आणि मला उगाचच मोठे झाल्यासारखे वाटे.

मग मालकांचा, म्हणजे वेंडेलचा पुतण्या ट्रेंट कारभारात आला. हे काम मॅडिसनच्या एका कंपनीला देऊन टाकावे, या जुन्या डब्यावर कशाला विसंबायचे, असे त्याने काकांच्या डोक्यात भरवले. शेवटी वेंडेलने मधला मार्ग काढला. या वर्षी मार्लिसनेच करावे. जरा जरी घोळ झाला, तर पुढच्या वर्षी मॅडिसन. मार्लिसला हे फार लागले. या कामातच तिचा जीव होता.

त्या वर्षी नवी प्रणाली आली होती, म्हणून करखात्याने आधी रंगीत तालीम करायला सांगितले. तालमीची माहिती पाठवायचे दार वेगळे होते आणि नावेही त्यांनीच दिली होती. ती माणसे जगात कुठेच नव्हती. मार्लिसने तालीम पार पाडली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती खरी माहिती पाठवायला बसली. तालमीची आणि खरी, दोन्ही माहिती माझ्यात शेजारी शेजारी होती. ट्रेंट दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. घाईघाईत तिने तालमीचेच दार उघडले आणि तालमीचीच माणसे पुन्हा धाडली. मला दिसत होते, पण मला तोंड कुठे आहे? उत्तर आले: स्वीकारले, एकही चूक नाही. मार्लिसने जाऊन घंटा वाजवली.

ईस्टरआधीच्या उपवासांत शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून दुपारी जेवणघरात तळलेली मासळी होती. जेवणघर माझ्या खोलीला लागूनच, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. चीज बांधणारी ट्वायला हसत हसत म्हणाली, "अगं मार्लिस, मी तर घाबरूनच होते. लग्नानंतरचं नाव मी इथे दिलं, पण सरकारी कार्डावर अजून लावलंच नाहीये. तरी चाललं म्हणजे!"

"लावलं नाहीस?" मार्लिसने विचारले.

"जाईन गं सावकाश. नवरा कुठं पळून चाललाय?"

सगळे हसले. मार्लिस मात्र ताट तसेच ठेवून उठली. दरवर्षी कोणाचे ना कोणाचे नाव सरकारी नोंदीशी जुळत नसे. ट्वायलाचे नाव अडायलाच हवे होते. खोट्या माणसांचे बरे असते; ती लग्ने करत नाहीत, मोडत नाहीत, मरत नाहीत. चुका होतात त्या जिवंत माणसांच्या.

ती माझ्यासमोर बसली आणि काय झाले ते तिला कळले. तिने एकेक नाव पाहिले आणि खरी माहिती खऱ्या दारातून पाठवली. मुदत टळली असती, तर दंडाचा भुर्दंड कारखान्याला झेपला नसता. आता ती गप्प बसली असती तरी चालले असते. पण तिने वेंडेलला बोलावून सगळे सांगितले.

"वेळेत गेलं ना? मग कशाला सांगितलंस?" तो कळवळून म्हणाला. "ट्रेंटला मी शब्द दिलाय."

"घंटा खोटी वाजवली, वेंडेल," ती म्हणाली. "त्या घंटेवर माणसं दही कापतात."

मुदतीच्या गर्दीमुळे खरे उत्तर काही दिवसांनी आले: एका चुकीसह स्वीकारले. ती चूक म्हणजे ट्वायला. मार्लिसने माझ्या काचेवर बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. घंटा मात्र तिने वाजवली नाही. वेंडेलने शब्द पाळला आणि काम मॅडिसनला गेले. मला वाईट वाटले, अजून वाटते.

आता मी कोठारात मिठाच्या पोत्यांजवळ असतो. ट्रेंट मला चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देणार होता, आहे तसा. मार्लिस आडवी आली. "त्याच्या पोटात आपल्या सगळ्यांची पोरं आहेत," ती म्हणाली. "आधी मी त्याला रिकामा करीन."

मित्रांनो, आम्ही जुने झालो की खुशाल टाकून द्या. पण आम्हाला तुमच्या नावांसकट रस्त्यावर सोडू नका. तुम्ही विश्वासाने सांगितलेले आम्हाला स्वतःहून विसरता येत नाही.

उद्या सकाळी मार्लिस येणार आहे. ट्वायलाने आपले नाव अजून दुरुस्त करून घेतलेले नाही; माझ्यातून तेही पुसले जाईल. सगळे पुसून झाले की मार्लिसने दालनात जाऊन एकदा घंटा वाजवावी, एवढीच माझी इच्छा आहे. या वेळी ती खरी असेल.