आडवे गज, उभे गज

रम्या कुठल्याही नव्या खोलीत शिरली की तिची नजर आधी खाली जायची. टेबलाचे कोपरे, उघडे प्लग, सुताराच्या हातून निसटलेला एखादा खिळा. माणसं घर बघतात ती छताकडे, भिंतींच्या रंगाकडे. ही बघायची अडीच वर्षांच्या पोराच्या उंचीवरून. कारण घरी लेक अक्षया होती, आणि अक्षयाच्या हातापायांना विसावा म्हणून ठाऊक नव्हता.

तरी त्या बुधवारी सकाळी नजरेतून जे सुटलं, ते जमिनीवर नव्हतंच. भिंतीतच होतं, तेही चार फूट बाय चार फूट.

घर नागलक्ष्मीअक्कांचं, रम्यासारख्याच तंजावरी मराठी कुटुंबातल्या. चोळपुरमच्या रस्त्याला, जिथे कुंभकोणमची दुकानं संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथे त्यांनी जुन्या घरावर नवा मजला चढवला होता. शुक्रवारी गृहप्रवेश. गुरुवारी संध्याकाळी बंगळूरहून मुलगा गिरिधर, सून आणि दहा महिन्यांचा नातू विष्णुवर्धन येणार. वरच्या मजल्याच्या साऱ्या खिडक्या आणि पडदे रम्याकडे सोपवले होते. इंटिरिअरची पदवी घेतल्यावर लगेच पाळणा हलला आणि पदवी कपाटात गेली. हे तिचं पहिलं स्वतंत्र काम.

आणि काम चोख होत होतं, हे तिलाही कळत होतं. न्हाणीघराला दुधी काचेच्या पट्ट्या, म्हणजे उजेड आत आणि नजर बाहेर. उत्तरेला साधा सुती पडदा, कारण त्या बाजूला उन्हाचा त्रासच नाही. पश्चिमेला वाळ्याचा पडदा, चैत्र-वैशाखात पाणी मारलं की खोलीभर गारवा आणि वास. झोपायच्या खोलीत काळोख करणारा रोलर ब्लाइंड. आणि पूर्वेला ही मोठी खिडकी: खाली दीड फुटावर बसायला रुंद कट्टा, बाहेर उघडणारी काचेची झापं, आतून लोखंडाचे आडवे गज.

"माझी धाकटी जाऊ शुक्रवारी इन्नंबूरहून येते आहे," अक्का म्हणाल्या होत्या. "तिचं घर उठतं आहे. पंधरा खिडक्या. तुझं काम बघून ठरवीन म्हणते. तेव्हा बघ हं बायो, नाक माझंही आहे."

त्या सकाळी सासूबाई एका बारशाला गेलेल्या, म्हणून अक्षया आईबरोबर आली होती. रम्या शिडीवर उभी राहून वाळ्याच्या पडद्याची दोरी बांधत होती. पाठीमागे अक्षयाची बडबड चालू होती: चिमणी, काऊ, बस. मग बडबड थांबली.

रम्या वळली.

अक्षया कट्ट्यावर चढून गजांवर उभी होती. पहिल्या नव्हे, चौथ्या. एक पाय पाचवा गज चाचपत होता. गजांच्या फटी रुंद, बाहेर झापं सताड उघडी, आणि खाली पोर्चची फरशी.

"अम्मा, मी मोठी!"

रम्या ओरडली नाही. ओरडलं की पोर दचकतं. ती शिडीवरून उतरली, खोली ओलांडली, लेकीच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "हो, मोठीच आहेस. आता खाली." मग तिला छातीशी घेऊन तशीच उभी राहिली.

हे सगळं बाला आसारीने पाहिलं होतं. स्वामीमलैचा हा लोखंडकाम करणारा कोपऱ्यात बसून स्क्रू निवडत होता.

"शिडीच झाली की ही, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. "अक्कांनी आडवेच मागितले होते ना?"

"अक्कांनी नाही. मी."

तिनेच मागितले होते. आडव्या गजांनी खोली रुंद भासते म्हणून. माहेरी काय, सासरी काय, जन्मभर तिने उभ्या गजांच्याच खिडक्या पाहिल्या होत्या, इतक्या की ते उभे का असतात हे कधी विचारलंच नव्हतं. आपल्या घरात ती कोपरान् कोपरा फोमने मढवत होती, आणि इथे स्वतःच्या हाताने शिडी काढून दिली होती.

गप्प राहता आलं असतं. विष्णू अजून रांगत होता. तो चढायला लागेपर्यंत सहा-आठ महिने सहज जातील. तोवर इन्नंबूरच्या पंधरा खिडक्या हाती येतील. बाला काही बोलणाऱ्यातला नव्हता. रम्याने तो विचार पुरता एक श्वासभर केला. मग जिन्यापाशी जाऊन हाक मारली, "अक्का, जरा वर येता?"

अक्का वर आल्या, ऐकलं, आणि कमरेवर हात ठेवले.

"खोली रुंद दिसते असं कोण म्हणालं होतं? तूच की! आता गृहप्रवेश दोन दिवसांवर, आणि तुला शहाणपण सुचतं?"

"होय की. मीच म्हणाले. चूक माझीच."

"चूक कसली! पोरं चढतात, पडतात, उठतात. आमचा गिरिधर चार वर्षांचा असताना पेरूच्या झाडावर चढायचा."

"पडला नाही कधी?"

"छे!" अक्का म्हणाल्या. कमरेवरचे हात खाली आले. "म्हणजे, एकदा."

"मग?"

"मग काय? चाळीस दिवस हाताला प्लास्टर. जेवू कोण घालायचं? मीच."

बालाने खाली मान घालून स्क्रूंमध्ये हसू लपवलं.

"अक्का, दहापर्यंत मोजा," रम्या म्हणाली. तिने आधी झापं ओढून कडी घातली. मग अक्षयाला कट्ट्यासमोर सोडलं आणि स्वतः तिच्या पाठीशी वीतभर अंतरावर हात पसरून उभी राहिली.

"मोजायचं काय त्यात? एक, दोन, तीन..."

चारला अक्षया कट्ट्यावर होती. सहाला पहिल्या गजावर. आठला तिसऱ्यावर, आणि तिथून खाचरातला बगळा नीट दिसावा म्हणून तिने सहा इंचांच्या फटीतून डोकं पुढे काढलं, थेट कानांपर्यंत.

नवापाशी अक्कांनी मोजणं सोडलं. "काढ तिला! काढ म्हणते ना!"

रम्याने लेकीचं डोकं हळूच मागे घेतलं. अक्का कट्ट्यावर बसल्या आणि पदराने मान पुसू लागल्या. "अय्यो, मुरुगा! आता काय, तोडायची ही जाळी?"

"तोडायची नाही. फिरवायची."

"फिरवायची म्हणजे?"

"खिडकी चौरस आहे. सोळा स्क्रू काढायचे, जाळी आडवीची उभी करायची, पुन्हा तेच सोळा स्क्रू."

"चौरस!" अक्का हसल्या, पण आवाजात जीव नव्हता. "आमच्या गवंड्याने जन्मात एक रेघ सरळ मारलेली नाही."

बाला उठला, खाली गेला आणि माडाचं एक हिरवं पातं सोलून घेऊन आला. त्याचे वडील धातूच्या मूर्तींसाठी मेणाचे साचे करायचे. स्वामीमलैत मूर्तीचं माप असं पात्याला घड्या घालूनच ठरतं, आणि टेपपेक्षा बालाचा भरवसा पात्यावर. त्याने ते चौकटीच्या रुंदीला लावलं, नखाने तोडलं. मग तेच उभं धरलं. तिघंही वाकून बघत होती. पातं वरच्या बाजूला जरासं उरलं.

"किती?" रम्याने विचारलं.

"भाताच्या दाण्याएवढं. घासून काढीन."

रम्या गजांकडे वळली. "आता फट. फिरवल्यावरही ती सहा इंचच राहील, त्यातून पोर निसटेल. प्रत्येक फटीत मधोमध एक गज अजून हवा."

"आमच्या विष्णूचं डोकं मोठं आहे, हो. बापासारखं," अक्का म्हणाल्या.

"डोकं मोठं असतं म्हणूनच भीती. अंग निघून जातं, डोकं अडकतं. तीन इंचांच्या वर मी जाणार नाही, अक्का."

बालाने दोन गजांमधलं अंतर पात्यावर घेतलं आणि एकच घडी घातली. मध्य मिळाला.

अक्का मात्र अजून खिडकीकडेच बघत होत्या. "तुरुंगासारखं दिसेल गं. जुन्या खिडक्यांना कंटाळून तर तुला बोलावलं."

इथे मात्र रम्याला शब्द शोधावे लागले नाहीत. "नाही दिसणार. मधले गज पिळाचे घेऊ, एक साधा, एक पिळाचा. अर्ध्या उंचीपर्यंत पांढऱ्या मलमलीचा पडदा, वरून उजेड मोकळा. आणि या खोलीला रुंदी नकोच होती, छत साडेनऊ फुटांचंच आहे. उभ्या गजांनी ते उंच भासेल. मी आधीच हे बघायला हवं होतं."

अक्कांनी छताकडे बघितलं, खिडकीकडे, मग रम्याकडे.

"उद्या दुपारपर्यंत?" त्यांनी बालाला विचारलं.

"दुपारच्या जेवणाआधी," बाला म्हणाला आणि स्क्रू काढायला बसला.

गुरुवारी तो आला तो साडेबाराला, जाळी टेम्पोत घालून. कड घासलेली, नवे गज जोडलेले, वर काळ्या रंगाचा एक हात. सोळा स्क्रू आपापल्या भोकांत बसले. सकाळचं ऊन कधीच वर गेलं होतं, तरी पिळाच्या गजांवर उजेड वळसे घेत खाली उतरत होता, आणि खोली खरोखर हातभर उंच झाली होती.

"आता परीक्षा," अक्का म्हणाल्या. "कुठे आहे ती आमची माकडी?"

अक्षयाला कट्ट्यासमोर उभं केलं. आज हात पसरून मागे अक्काच उभ्या राहिल्या. पोरीने दोन गज मुठीत धरले, पाय टेकला, तो सरकला. दुसरा टेकला, तोही सरकला. डोकं घालून पाहिलं. कपाळ टेकलं तेवढंच. मग तिने वळून आईकडे अतिशय नाराजीने पाहिलं.

"अम्मा, पायरी नाही."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना फरशीवर बसावं लागलं. बसल्या तशा तिथून उठल्याच नाहीत. खोलीभर नजर फिरवत राहिल्या, दारातून पलीकडच्या झोपायच्या खोलीपर्यंत, अगदी खालून.

"रम्या, ती काय गं? पडद्याची मण्यांची साखळी. जमिनीपर्यंत लोंबते आहे. पोराने गळ्यात घातली तर?"

रम्याने पर्समधून पितळेचा हूक काढला. "तोच लावायचा राहिलाय. पाच फुटांवर."

"साडेपाच," अक्का म्हणाल्या. "आमच्या घरात सगळेच उंच होतात."

मग त्यांनी कमरेला खोचलेला फोन काढून इन्नंबूरला जावेला लावला. "हं, मी बोलते. तुझ्या त्या लोखंडवाल्याला म्हणावं, हात लावू नको. काय? आडवेच मागवलेस? मग थांबव! सोमवारी आमची रम्या येईल. ती सांगेल तसंच. आणि ऐक, तिच्याबरोबर एक लहान इन्स्पेक्टर येते. तिला खायला काहीतरी करून ठेव."