उघाडीखालचे पिवळे हेल्मेट

मित्रांनो, मी एक तडकलेले पिवळे हेल्मेट आहे. पेणच्या खाडीकाठी एका गावात, खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातला आहे. त्या बांधाला पाणी सोडायची उघाडी, म्हणजे झडपेचे दार, आहे. तिच्या तोंडाशी, गुडघाभर चिखलाखाली, सध्या माझा मुक्काम आहे. तुमच्या निबंधाच्या वह्यांत आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू अडगळीत पडलेल्या असतात. मला मुद्दाम बुडवले आहे.

रोह्याच्या बाजूला मी एका कारखान्यात होते. तिथे साहेबांची हेल्मेटे पांढरी, कायम कामगारांची निळी आणि कंत्राटी माणसांची पिवळी. निळी दर तीन वर्षांनी बदलत. आम्ही पिवळी मात्र एका डोक्यावरून उतरून दुसऱ्या डोक्यावर चढत असू. माझी मुदत कधीच संपली होती. तारीख माझ्या पोटातच उमटवलेली होती, पण ती वाचायची कोणाला गरज वाटली नाही. सुरक्षा सप्ताहात मात्र आमचे भारी कौतुक व्हायचे. सगळे रंग एका रांगेत मांडून फोटो काढत, प्रत्येक जीव मोलाचा अशी शपथ घेत. शपथ संपली की पांढरे-निळे पंख्याखाली जेवायला जात आणि पिवळे शेडमागे.

धनेश हा माझा तिसरा धनी. बापाचे मिठागर बंद पडले म्हणून तो कंत्राटात आला होता. माझ्या पट्ट्याने त्याच्या कपाळाला फोड यायचे. त्याच्या बायकोने, दिपिकाने, जुन्या हिरव्या साडीची पट्टी मला आतून शिवून दिली. दसऱ्याला तिने कोयत्याशेजारी मलाही पाटावर मांडले, कुंकू लावले, झेंडू वाहिला. "माज्या मानसाला सांबाळ रं बाबा," असे म्हणाली. मी फुगले. मित्रांनो, आज मला त्या फुगण्याचीच लाज वाटते.

मार्चमध्ये एका दुपारी परांचीवरून लोखंडी पाइप सुटला. मी धनेशच्या डोक्यावर होते, पट्टा हनुवटीखाली बांधलेला होता. मी पुढून मागपर्यंत तडकले आणि माझ्याच्याने त्याचा जीव राखवला नाही. पहिला धावत आला तो मुकादम कमळाकर. मला वाटले, नाडी बघेल. त्याने आधी माझा पट्टा सोडला, मला ड्रममागे ढकलले आणि मोबाइल काढून उघड्या डोक्याचा फोटो घेतला. कागदावर लिहिले गेले, हेल्मेट घातले नव्हते, चूक मयताची.

शेजारी काम करणाऱ्या पुंडलिकने हे सगळे पाहिले. शिफ्ट सुटताना त्याने मला डब्याच्या पिशवीत दडवले आणि दिपिकाच्या हाती दिले. "वयनी, ह्यो नीट ठेवा," एवढेच बोलला. का ठेवायचे, ते काही त्याच्या तोंडून फुटले नाही. त्याचा गेटपास कमळाकरच्या हातात होता.

कागदावर काय लिहिले आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दहाव्याला कमळाकर सांत्वनाला आला. फळीवर मी दिसताच त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"पुतळी काकी," तो धनेशच्या आईला म्हणाला, "गेलेल्या मानसाचा काय घरात ठेवू नये. जीव अडकतो त्याचा. कपड्यांबरोबर खाडीत सोडा."

आमच्या गावची तशी रीत आहेच. मयताचे कपडे, अंथरूण ओहोटीच्या पाण्यात सोडतात. पुतळीला ते पटले. दिपिकाने मला उराशी धरून बांधापर्यंत आणले. मी तरंगू नये म्हणून कमळाकरने माझ्याच पट्ट्याला दगड बांधला आणि वर हात जोडले. दिपिकाने त्याचे आभार मानले.

पुढचे मी पाहिले नाही. बांधावर बसून ती सासूला सांगत होती, ते ऐकले. दोन महिन्यांनी चौकशी लागली आणि चौकशीच्या साहेबांनी तो उघड्या डोक्याचा फोटो पुढे सरकवला.

"घातला व्हता त्यानी," ती म्हणाली. "फुटलाय त्यो, मी पाह्यलाय. आतून माजी हिरवी पट्टी हाय."

"मग घेऊन या."

"खाडीत सोडला, साहेब."

साहेबांनी पान उलटले. पुंडलिक बाकावरच बसला होता. त्याला विचारले तर खाली बघून म्हणाला, "मी काय पाह्यला नाय."

"पैसं नको," दिपिका म्हणाली, "पन त्याची चूक नव्हती, येवढा तरी लिवा."

तेवढेही कोणी लिहिले नाही.

आता दिवसाच्या प्रत्येक ओहोटीला ती चिखलात उतरते आणि हातांनी चाचपत फिरते. पुतळी बांधावर बसून स्वतःच्याच तोंडात मारून घेते. कमळाकर कारखान्यात आहे. वर्षभराने पुन्हा आलेल्या सुरक्षा सप्ताहात शपथ त्यानेच सांगितली म्हणे. काल दिपिकाचा पाय माझ्यावर पडला. दगड समजून तिने पाय उचलला आणि पुढे गेली.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. ज्याला जपायचे होते, तो गेला. त्याच्या माथ्यावरची चूक तेवढी उतरवायची आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बांधावरून जाणार असेल, तर तिला सांगा, उघाडीच्या डाव्या हाताला, काल पाय पडला तिथेच. आणि लवकर सांगा. हिरवी पट्टी कुजायला लागली आहे.