बिनआवाजाची चाकं

दुकानदाराने हँडलखालचा तांबडा खटका दाबला, तशी ती बसून चालवायची छोटी स्कूटर कमरेत वाकली, तिचं आसन खाली बसलं आणि बघता बघता प्रवासाच्या बॅगेएवढी घडी झाली. ती त्याने एका हाताने उचलून दाखवली आणि भाचीकडे पाहिलं. मावशीकडे त्याने अजून एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

भाचीने स्वतः उचलून बघितली. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामात दिवसभर खाली मान घालून बसल्यामुळे तिची पाठ धरलेली असायची; जड वस्तूंशी तिचं सख्य नव्हतं. पण ही उचलता येत होती. गाडीच्या डिकीत मावली असती, लिफ्टमध्ये वळली असती, बॅटरी काढून घरात चार्ज करता आली असती. नेमकी अशीच तिला हवी होती. मावशीच्या उजव्या गुडघ्याने हात टेकल्यापासून तिचं घराबाहेर पडणंच संपलं होतं. अशाच बसून राहिल्या तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर काय, हे दोघींनाही ठाऊक होतं. वृद्धाश्रम हा शब्द मात्र अजून कुणी उच्चारला नव्हता.

दुकानात एका भिंतीला बाबागाड्या होत्या आणि समोरच्या भिंतीला वॉकर, चाकांच्या खुर्च्या आणि या स्कूटर. आत शिरताना मावशीने दोन्हीकडे पाहून, मधल्या वयाचं हा माणूस काहीच ठेवत नाही का, असं विचारलं होतं. आता ती मुकाट्याने स्कूटरवर बसली. दुकानदाराने तिला आजी म्हणून वेग कमीजास्त कसा करायचा ते समजावलं.

"मी कुणाची आजी नाही," मावशी म्हणाली, पण रागाने नव्हे.

तिने स्कूटर पुढे घेतली. पहिल्यांदा जरा बिचकत, मग सराईतासारखी. एकाही बाबागाडीला धक्का न लावता तिने शेवटच्या रांगेला वळसा घातला. कुणाचा हात न धरता मावशी हिंडते आहे हे बघून भाचीला बरं वाटलं. ती दुकानदाराला बॅटरीविषयी विचारत राहिली, त्याचं उत्तर ऐकून मागे वळली आणि केवढी तरी दचकली. मावशी स्कूटरसकट तिच्या पाठीला अगदी खेटून थांबली होती. कधी आली, काही कळलंच नव्हतं.

भाची स्वतःशीच हसली. मावशी हसली नाही. भाचीच्या चेहऱ्याकडे ती क्षणभर बघत राहिली आणि मग हळूहळू खाली उतरली.

"ही नको."

"का गं? किती छान चालवलीस."

"आवाजच नाही हिला."

दुकानदार म्हणाला की लोक तर हेच बघून घेतात. मावशीने त्याचं बोलणं कानाआड केलं आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या, बोजड स्कूटरकडे बोट दाखवलं. तिच्यावर बसून तिने एक चक्कर मारली. चाकं करकरत होती, पुढची टोपली खडखडत होती. मावशीचा चेहरा सैल पडला. ही चालेल, असं तिने जाहीर करून टाकलं.

भाचीने तिला समजावलं. ही घडी होत नाही, डिकीत जात नाही, दोघातिघांना उचलावी लागते. मग दवाखान्यात कशी नेणार, बागेत कशी नेणार? मावशी सगळं ऐकून घेत होती आणि हँडल सोडत नव्हती. शेवटी भाचीचा संयम सुटला.

"मावशी, घरात तू एकटी असतेस. आवाज हवाय कुणाला?"

दुकानदार फोन आल्यासारखं करून काचेच्या दारापाशी गेला. मावशीने टोपलीची कडी उगाच लावली, काढली.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, इमारतींचे नकाशे काढायचे. ऐन उमेदीत त्यांचे डोळे गेले आणि पुढचं सगळं आयुष्य पुढच्या खोलीतल्या खुर्चीत गेलं. कानांनी ते घर ओळखायचे. पण न कळत कुणी जवळ आलं की त्यांचा थरकाप उडायचा. एकदा मीटर बघायला आलेला माणूस न बोलता समोर उभा राहिला, तर संध्याकाळपर्यंत त्यांचे हात थरथरत होते. मावशीचा डावा पाय लहानपणापासून आखूड. ती तो ओढत चालायची. घस् आणि टप्, घस् आणि टप्. लिफ्टपासून काकांना ते ऐकू यायचं. बेल वाजायच्या आधीच ते 'आली बघ' म्हणायचे, आणि लहानपणी भाचीला ती जादू वाटायची. पुढे मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पाय बरोबरीला आला. एवढं भाचीला माहीत होतं.

"ऑपरेशननंतर सरळ चालत घरात शिरले," मावशी म्हणाली, "तर हे उठून उभे राहिले. कोण आहे, कोण आहे करत भिंत चाचपायला लागले. मी बोलत होते तरी खरं वाटेना त्यांना. हात हातात घेतला तेव्हा कुठे शांत झाले."

"मग?"

"मग काय. मी पुन्हा पाय ओढायला लागले. सवयीचाच पाय तो."

भाचीला डॉक्टरांचं बुचकळ्यात पडणं आठवलं. एक्सरे दिव्यासमोर धरून त्यांनी विचारलं होतं, डावा पाय इतका छान जुळून आलाय, मग यांनी सगळा भार उजव्यावर टाकून तो गुडघा का झिजवला? वयामुळे असेल, असं उत्तर भाचीनेच दिलं होतं. तिने जवळच्या बाबागाडीचं छत खाली ओढलं, पुन्हा वर केलं.

"पण मावशी, काका आता..."

"ठाऊक आहे मला. गेले तेव्हा उशाशी मीच होते."

दुकानदाराने परत येऊन तोडगा काढला: हलकी स्कूटर घरी न्या, वापरून बघा, नाही पटली तर परत आणा. मावशीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाचीने घडी डिकीत ठेवली; वाटेत मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मजल्यावरचा लांब पॅसेज लागायचा. दोन्हीकडे बंद दारं. मावशी स्कूटरवरून पुढे निघाली. तिच्यामागून चालताना भाचीला चमत्कारिक वाटत होतं. भरदुपारी, डोळ्यांदेखत ती पुढे चालली होती, आणि कानांच्या लेखी तिथे कुणीच नव्हतं.

भाचीने कुलूप काढलं. मावशी उंबऱ्यापाशीच थांबली आणि म्हणाली, चार्जर डिकीत राहिलाय, तेवढा घेऊन ये. भाची लगेच वळली.

ती परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. पायातल्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज होत नव्हता. आतून मावशीचं बोलणं ऐकू येत होतं, नवी वस्तू घरच्यांना दाखवावी तसं, सावकाश. हे हँडल. इथे बसायचं. हात लावून बघा ना. मध्येच ती थांबायची आणि मग म्हणायची, हो, वळते की.

भाची दारापासून थोड्या अंतरावर थबकली. हाक मारावी की बेल वाजवावी, तिला ठरवता येईना. कशानेही आत कुणीतरी दचकलं असतं. तिने काही ठरवलं नाही. डावा पाय फरशीवर टेकवला आणि ओढला. घस्. मग उजवा टाकला. टप्. पुन्हा एकदा तसंच.

आतलं बोलणं तुटलं. त्या शांततेत सगळं घर कान देऊन ऐकत असल्यासारखं भाचीला वाटलं. मग मावशीचा आवाज आला, घाईने, समजूत घातल्यासारखा.

"अहो, तिकडे कुठे? ती मी नव्हे. मी इथे आहे, तुमच्याजवळ."

भाची चार्जर छातीशी धरून उभी राहिली. ओढायला उचललेला पाय तिला खाली टेकवता येईना.