मालाकायचं देवतेल

आमच्या बेटावरच्या चर्चच्या पटांगणात अख्खं गाव लोटलं होतं. बोटीने आलेल्या तेलविक्या मालाकायने माझ्या थोरल्या भावाच्या, लिसिआतेच्या, तळपायाच्या जखमेला तेल लावलं, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटली आणि थोड्या वेळाने गरजला, "ऊठ! चाल!"

मधुमेहाने लंगडणारा लिसिआते सरळ चालू लागला. "दुखतच नाही रे!" बायका रडल्या. मालाकाय नम्रपणे म्हणाला, "मी कोण? देवाचा हमाल." हमालाची गाडी मात्र कोरी करकरीत होती.

लिसिआते आठवडाभर तेल लावून अनवाणी प्रवाळांवर मासे धरत हिंडला. पुढच्या रविवारी गावप्रमुख फिफितांनी सभेत जाहीर केलं, "मलमपट्टीचा दवाखाना बंद. तो पैसा तेलाला!"

"आधी तेल तपासू," दवाखान्याच्या डॉक्टर सिआले म्हणाल्या.

"अहो बाई, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आता आणखी काय तपासायचं?"

"तपासून निर्णय बदलणारच नसेल, तर नकोच. पण तेल खोटं निघालं तर लोकांचे पाय जातील. आणि तपासायला लागते एक दुपार. काय महाग?"

फिफितांनी नाइलाजाने मान हलवली. बाई मालाकायकडे वळल्या. "शक्ती बाटलीत की प्रार्थनेत?"

"प्रार्थनेत! बाटली निमित्तमात्र."

"मग आमच्या या नारळतेलावरही म्हणा."

गाव बघत होतं, म्हणावीच लागली. बाईंनी आडोशाला दोन सारख्या वाट्या भरल्या, एकीत मालाकायचं तेल, दुसरीत नारळतेल. कुठल्या वाटीत काय, ते त्यांनाच ठाऊक. निम्म्या पंचांनी एका वाटीतलं जिभेला लावलं, निम्म्यांनी दुसरीतलं.

"माजी जीब कुथं गेवी?" फिफिता घाबरून ओरडले. त्यांच्या वाटीतले सगळेच बोबडे झाले होते. त्या वाटीत मालाकायचं तेल होतं. नारळतेलवाले खदखदून हसत होते.

"दात उपटताना हिरडी बधिर करतात, तसलं औषध आहे यात," बाई म्हणाल्या. "दुखणं गेलं, जखम तिथंच. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालतो आणि ती कुजते."

त्यांनी लिसिआतेच्या पायावरचं फडकं सोडलं. करंगळी काळी पडली होती. ती गेली, पाय वाचला. मालाकायने संध्याकाळचीच बोट गाठली.

फिफितांना आता नवा हुरूप. "बाई, तीन वर्षं या तेलाचा अभ्यास करू!"

"त्यातून ठरवायचं काय? दवाखाना चालवायचा, हे ठरलंय ना? मग तो पैसा पट्ट्यांना द्या."

लोकहो, चमत्कार दिसला की एवढंच विचारा: हा खोटा निघाला तर कुणाचं काय जाईल, आणि तपासायला काय लागेल? विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो तेल विकणारा.